चौथीत गेली तरी हातच्याची वजाबाकी चुकते, सुट्टीत उजळणी कशी घेऊ?

सानूची_आई, कराड

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी तिसरी पास होऊन आता चौथीत जाणार, मराठी माध्यम. वाचन एकदम छान आहे, गोष्टीची पुस्तकं स्वतः वाचते, पण गणितात अडकलीये आणि ते मला मार्चमध्ये कळलं. साधी बेरीज येते, हातच्याची बेरीजही बऱ्यापैकी येते पण वजाबाकी आली की गडबड. ५२ मधून २७ गेले तर ३५ लिहिते. ५०३ वजा १६८ दिलं तर उत्तर ४६५. मी विचारलं कसं केलंस तर म्हणते आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून एक गेला चार. इतकं सरळ सांगितलं की मला वाटलं माझंच चुकतंय की काय. पाढे पाचापर्यंत येतात, नऊचा बोटांवर करून दाखवते, दहाचा येतोच, पण सहा सात आठला थांबते.

मी मेडिकलमध्ये काउंटरला असते, घरी यायला साडेसात होतात, त्यामुळे रात्री अर्धा पाऊण तास मिळतो तेवढाच. उजळणीचं पुस्तक आणून रोज वीस गणितं द्यायला लागले तर चौथ्या दिवशी वही बघूनच रडायला लागली. कुणी अबॅकसला घाल म्हणतंय, कुणी ट्यूशन लाव म्हणतंय. आणि एक गोष्ट मला समजतच नाही, भाजीबाजारात हीच पोरगी ५० ची नोट देऊन ३२ रुपयांचे उरलेले पैसे बरोबर मोजून घेते, मग वहीत काय होतं तिला? जून यायच्या आत काय करता येईल ते प्लीज सांगा.

झेडपी_गुरुजी, सोलापूर जिल्हा

ताई सगळ्यात आधी ती वीस गणितं बंद करा. मी २२ वर्षं पहिली ते चौथीला शिकवतोय, चुकीच्या पद्धतीने रोज वीस गणितं केली की ती चूकच पक्की होते, दुसरं काही होत नाही.

तुमच्या मुलीचं ४६५ हे धांदरटपणाचं उत्तर नाही. तिच्या डोक्यात एक नियम आहे आणि तो ती प्रामाणिकपणे पाळतीये. पहिलीत आपणच सांगतो ना, "मोठ्यातून लहान वजा करायचं". तेव्हा ७ मधून ३ असंच असायचं म्हणून चालून गेलं. आता तिला वर ३ आणि खाली ८ दिसले की ती मोठा आकडा शोधते, मग तो वर असो की खाली. तिच्यासाठी ५०३ ही एक संख्या नाहीये, पाच, शून्य आणि तीन असे तीन सुटे आकडे आहेत. बाजारात मात्र ५० रुपये म्हणजे तिच्या हातातले खरे पन्नास रुपये, आणि तिथे ती वजा करतच नाही, ३२ च्या पुढे मोजत जाते, आठ दिले की चाळीस, अजून दहा दिले की पन्नास. म्हणजे डोकं चांगलं चालतंय तिचं, वहीतल्या मांडणीशी त्याची गाठ पडलेली नाही एवढंच.

आता हे करून बघा. तिला जवळ बसवा, पेन्सिल द्या आणि या संख्या नुसत्या तोंडाने सांगा, तिला आकड्यात लिहू द्या. छत्तीस, त्रेसष्ट, एकोणसाठ, तीनशे पाच, चारशे चाळीस, एक हजार सात. चुकलं तरी काही बोलायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. मग विचारा २०० च्या आधीची संख्या कोणती, आणि ५०३ मध्ये एकूण दशक किती. ती काय लिहिते आणि काय म्हणते ते जसंच्या तसं इथे टाका, म्हणजे नेमकं कुठे बसलंय ते कळेल. गावोगावी ती असरची, म्हणजे पोरांना वाचन आणि गणित किती येतं ते बघणाऱ्या पाहणीची, चाचणी घेतात ना २००५ पासून, त्यातही एका मुलाला समोर बसवून बघतात, संख्या वाचता येतात का, हातच्याची दोन अंकी वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता येतं का. वर्गात चाळीस वह्या तपासून जे कळत नाही ते एका पोराबरोबर दहा मिनिटं बसलं की कळतं, म्हणून मी जूनमध्ये पहिले आठ दिवस हेच करतो.

अबॅकसबद्दल माझं मत, वेग येतो, बोटं चालतात, पण हिला आत्ता वेगाची गरज नाहीये.

मेघा_पुणे

सर म्हणतायत ते एकोणसाठचं नक्की बघा ताई. माझा मुलगा सेमीला आहे, त्याला फिफ्टी नाइन येतं पण आजी एकोणसाठ म्हणाली की तो ६९ लिहायचा. साठ ऐकू आलं की हात सहावर जातो. एकोणतीस म्हटलं की ३९. आम्ही वर्षभर ओरडत होतो त्याला की लक्ष नाही तुझं. मग माझ्या सासऱ्यांनी त्याला एक दिवस शांतपणे सांगितलं की एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, तिसाला एक कमी तो एकोणतीस, साठाला एक कमी तो एकोणसाठ. शंभराच्या तक्त्यावर बोट ठेवून साठावरून एक घर मागे यायला लावलं. दोन दिवसांत सुटलं सगळं. फक्त ९९ ला हा नियम नाही, तो नव्याण्णव, हे त्यानेच शोधून काढलं आणि खूश झाला.

आणि छत्तीस त्रेसष्टचं पण तसंच, मराठीत आपण आधी एकक बोलतो मग दशक, छ आणि तीस, पण लिहिताना आधी तीन. लहान मुलाने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं तर ६३ होणारच ना. आम्ही त्याला सांगितलं छत्तीसचा आकडा म्हणजे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत, ते चित्र काढलं त्याने आणि मग कधी चुकला नाही.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायला दिलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मी पण तेव्हा विरोधात होते. माझं अजूनही मत आहे की एकवीस बावीस गेले नाही पाहिजेत, पण मुलांना अडचण कुठे येते ते मला स्वतःच्या मुलामुळे आता समजलंय.

झेडपी_गुरुजी, सोलापूर जिल्हा

मेघाताई, माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी पोरं आहेत, त्यांना ही अडचण मराठीतच येते. कन्नडमध्ये २१ म्हणजे इप्पत्तोंदू, आधी वीस मग एक, जसं लिहितो तसंच बोलतात. म्हणून मी दोन्ही म्हणून घेतो, वीस आणि एक, एकवीस. तीस आणि सहा, छत्तीस. महिनाभर रोज परिपाठानंतर पाच मिनिटं. शब्द आपलाच राहतो आणि आतलं दशकही पोराला दिसतं.

सानूची_आई, कराड

सर केलं तुम्ही सांगितलं तसं. छत्तीस त्रेसष्ट बरोबर लिहिले. एकोणसाठ ६९ लिहिलं, मेघाताई अगदी तुमच्यासारखंच! तीनशे पाच लिहिलं ३००५. चारशे चाळीस ४०००४० लिहायला लागली आणि मधेच थांबली, म्हणाली खूप मोठं झालं गं आई. हजार सात तिने लिहिलंच नाही. २०० च्या आधी १९९ बरोबर सांगितलं. ५०३ मध्ये दशक किती विचारलं तर लगेच म्हणाली शून्य.

मला खरंच रडू आलं हो, चेहरा सरळ ठेवून बसणं अवघड झालं. तिसरीच्या निकालात गणिताला चांगला शेरा आहे तिच्या. आणि मी रोज त्या वीस वजाबाक्या करून घेत होते.

झेडपी_गुरुजी, सोलापूर जिल्हा

ताई वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही एका संध्याकाळी जे शोधलंत ते पुष्कळ पोरांचं सातवीपर्यंत कुणी शोधत नाही.

३००५ का लिहिते बघा, तीनशे ऐकलं की ३००, पाच ऐकलं की ५, शेजारी शेजारी ठेवलं. यावर उपाय सोपा आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करा. शंभर ते नऊशेची लांब, तीन घरांची. दहा ते नव्वदची दोन घरांची. एक ते नऊची एका घराची. तीनशे पाच म्हटलं की ३०० चं कार्ड खाली ठेवायचं आणि त्याच्या उजव्या शून्यावर ५ चं कार्ड झाकायचं. तिला स्वतःला झाकू द्या, मग परत उचलू द्या, खाली शून्य लपलेलं दिसलं पाहिजे. चारशे चाळीसही तसंच. तीन चार दिवस रोज दहा मिनिटं, आणि कधी तुम्ही मुद्दाम चुकीचं ठेवा आणि तिला पकडू द्या.

५०३ मधलं दशक शून्य म्हणाली हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दशकाच्या घरात शून्य लिहिलंय हे खरं, पण ५०३ मध्ये दशक ५० आहेत. पाचशे रुपयांच्या दहा दहाच्या नोटा घेतल्या तर पन्नास येतील ना, तेच. हे तिला कागदावर सांगून कळणार नाही, खेळातल्या नोटा घ्या किंवा वहीच्या कागदाच्या करा. शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी तिच्याकडे, तुम्ही दुकानदार, वस्तू १६८ ची. दुकानदाराकडे सुट्टे नाहीत म्हणून सांगा. मग ती काय करेल, शंभर मोडायला बँकेत जाईल, बँक म्हणजे मधे ठेवलेला डबा. शंभराची एक नोट देऊन दहाच्या दहा घेईल, त्यातली एक दहाची देऊन दहा सुटे रुपये घेईल. आता तिच्यासमोर शंभराच्या ४, दहाच्या ९ आणि १३ सुटे पडलेत. तेरातून आठ गेले पाच, नवातून सहा गेले तीन, चारातून एक गेला तीन. ३३५. वहीत आपण वर जे ४, ९, १३ खोडून लिहितो ते हेच आहे, पण पोरांना ते खोडाखोडीचं मंत्रासारखं वाटतं कारण नोट मोडताना कुणी दाखवलेलं नसतं.

पहिले तीन दिवस नुसत्या नोटा, लिहायचं नाही. मग नोटा मोडता मोडता वहीत त्याच वेळी लिहायचं. मग नोटा बाजूला, पण अडली की परत घ्यायला मुभा. दिवसाला तीन वजाबाक्या बस झाल्या. आणि प्रत्येकीचा ताळा तिलाच करू द्या, ३३५ आणि १६८ मिळवून ५०३ आले पाहिजेत. ४६५ आणि १६८ मिळवले तर ६३३ येतात, म्हणजे होते त्याच्यापेक्षा जास्त झाले, हे तिचं तिला दिसू दे. तुम्ही चूक म्हणण्यापेक्षा ते जास्त लागतं.

निवृत्त_तलाठी, सातारा

गुरुजींचं सगळं पटलं पण पाढ्यांकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो. समजलं की आपोआप पाठ होतं असं हल्ली सांगतात, ते मला पटत नाही. समजणं वेगळं आणि जिभेवर असणं वेगळं. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा, आधी शुभंकरोती मग पाढे, पुढे पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. त्यामुळे जमिनीचा हिशोब करताना मला आयुष्यभर कागद लागला नाही. नोकरीत येणाऱ्या नवीन पोरांना सव्वाशे म्हणजे किती, पावणेतीनशे म्हणजे किती विचारलं तर थांबायची. पदवीधर पोरं.

बाई, मुलीला बाजारात नेताच आहात तर हे शब्द तिच्या कानावर घाला. पाव किलो म्हणजे २५० ग्राम, दीडशे म्हणजे १५०, अडीचशे २५०, पावणेतीनशे म्हणजे तीनशेला पंचवीस कमी, २७५. चाळीस रुपये किलोचे टोमॅटो दीड किलो घेतले तर किती, हे तिला चालता चालता सांगता आलं पाहिजे. आणि पाढे रोज मोठ्याने, ठेक्यात, सगळ्यांनी मिळून म्हणायचे. मुलगी एकटी म्हणते तेव्हा ती शिक्षा होते, आई पण म्हणते तेव्हा होत नाही.

मेघा_पुणे

काका सगळ्यांनी मिळून म्हणायचं हे खूप आवडलं. मला फक्त एक भर घालायचीये, ठेक्यात म्हटलेला पाढा मुलाला सुरुवातीपासूनच म्हणावा लागतो. माझ्या मुलाला साते आठे किती विचारलं की तो सात एके सात पासून गाडी सोडायचा. म्हणून ठेका झाल्यावर मधलं मधलं विचारायला लागते मी, भांडी घासताना, रिक्षात.

आणि ताई तुम्हाला वाटतंय सहा सात आठ तीन अख्खे पाढे राहिलेत, तसं नाहीये. तिला दोन ते पाच, नऊ आणि दहा येतात ना, मग सहा त्रिक अठरा तिला तीन सक अठरा म्हणून येतंच, फक्त उलटं करून दाखवा, तीन ओळीत सहा बटणं लावा आणि ताट फिरवा. असं सगळं काढून टाकलं की खरी नवीन गणितं सहाच उरतात. सहा सक ३६, सहा साते ४२, सहा आठे ४८, सात साते ४९, सात आठे ५६, आठ आठे ६४. ही सहा आम्ही फ्रीजवर चिकटवली होती आणि दर दोन दिवसांनी पाठ झालेलं एक कार्ड तो स्वतः काढायचा. दोन आठवड्यात फ्रीज मोकळा झाला. मुलाला डोंगर केवढा आहे हे नीट कळलं की तो चढतो हो.

झेडपी_गुरुजी, सोलापूर जिल्हा

तलाठी साहेबांचं म्हणणं मला मान्य आहे. आठातून पाच काढायला बोटं मोजावी लागली तर भागाकारात पोरगं पायरीच विसरतं, डोक्यात जागा उरत नाही. म्हणून दहाच्या जोड्या, म्हणजे एक नऊ, दोन आठ, तीन सात, आणि पाढे हे जिभेवर पाहिजेतच. माझं म्हणणं एवढंच की आधी बटणं, मग ठेका.

नाशिकची_माणिक

ताई तुमची मुलगी नोटांवर सरावली आणि वहीत करायला लागली की हा खेळ द्या, आमच्याकडे घरात अजून चालतो. इथे नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळेत शिकवणारे गुरुजी होते, १९०५ चा जन्म, त्यांनी शोधलेली गंमत आहे ही, जगभर त्यांच्या नावाने ओळखतात.

कुठलीही तीन अंकी संख्या घ्यायची, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. समजा ३५२. त्याच अंकांची सगळ्यात मोठी संख्या ५३२, सगळ्यात लहान २३५, वजा करा, २९७. आता त्याचं तेच, ९७२ वजा २७९ बरोबर ६९३. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. आणि ४९५ आलं की पुढे परत परत ४९५ च येतं. कुठूनही निघा, तिथेच पोचता. मधे ९९ आले तर ०९९ धरायचं. चार अंकी संख्येला ६१७४ येतं, चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात वेळात. हे मूल मोठं झाल्यावर.

यात प्रत्येक वजाबाकी हातच्याची असते आणि तिला ते काम वाटतच नाही, कारण ४९५ येतंय का याची उत्सुकता असते. आणि चुकलं की कळायची पण सोय आहे, तीन अंकीत प्रत्येक उत्तराचा मधला अंक ९ च येतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. हे तुम्ही सांगू नका, तिला सापडू द्या. माझ्या मुलीला सापडलं तेव्हा ती वही घेऊन शेजाऱ्यांकडे गेली होती दाखवायला.

सानूची_आई, कराड

तीन आठवड्यांनी लिहितीये, मधे आजारपण झालं घरात. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. कार्डं लग्नपत्रिकांचीच केली. ३००५ गेलं चौथ्या दिवशी. नोटांचा खेळ तिला एवढा आवडला की मी दमून आले तरी डबा घेऊन तयार असते, बँकेत तीच बसते आता आणि मला सुट्टे द्यायला नाही म्हणते. परवा ५०३ वजा १६८ परत दिलं, पुटपुटत केलं, ३३५ लिहिलं आणि न सांगता खाली ताळा केला. फ्रीजवर दोन कार्डं राहिलीयेत, सात आठे आणि सहा आठे. कापरेकरांचा खेळ काल दाखवला, ४९५ आल्यावर दुसरी संख्या स्वतः घेतली, मग तिसरी, एका बैठकीत बारा वजाबाक्या झाल्या आणि एकदाही रडली नाही.

सर, भागाकाराला हात घातला तर नवीनच निघालं. ६१८ भागिले ६, उत्तर १३ लिहिते. सहा एके सहा, मग एक खाली घेतला, एकात सहा जात नाही, आठ खाली घेतला, सहा त्रिक अठरा. पायऱ्या सगळ्या बरोबर वाटतात मला.

झेडपी_गुरुजी, सोलापूर जिल्हा

वा ताई, बारा वजाबाक्या वाचून मलाच आनंद झाला.

हे शून्य तेच आहे, फक्त दुसऱ्या दारातून आलंय. परत नोटा काढा. शंभराच्या सहा, दहाची एक, सुटे आठ. सहा वाट्या मांडा आणि सारखे वाटायला सांगा. शंभराची एकेक नोट प्रत्येक वाटीत जाईल. मग दहाची एकच नोट हातात राहील, ती सहा वाट्यांत जाईल का विचारा. नाही म्हणेल. मग दहाच्या नोटा प्रत्येकाला किती मिळाल्या, हे तिच्या तोंडून आलं पाहिजे, शून्य. ते शून्य त्याच क्षणी वर लिहायला लावा, दशकाच्या घरात, एकाच्या शेजारी. मग ती दहाची मोडून अठरा सुटे होतील, प्रत्येकाला तीन. आता एक वाटी उचलून मोजू द्या, त्यात १०३ रुपये असतील, तेरा नाही.

आणि भागायच्या आधी तिला अंदाज विचारायची सवय लावा. सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला साधारण किती? शंभर म्हणाली की वहीत १३ आल्यावर तीच थांबेल. उद्या हे झालं की ८२४ भागिले ८ आणि ७३५ भागिले ७ द्या, नोटांशिवाय. काय लिहिते ते कळवा.